तर्जनी चौदा टक्के

करंगळी गेली तर सात टक्के. अनामिकाही सातच. मधलं बोट बारा, तर्जनी चौदा, अंगठा तीस. तर्जनीचं नुसतं टोक उडालं आणि हाड शाबूत राहिलं तर पाच. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हा तक्ता असा ओळीने छापलेला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. टक्के कशाचे, तर त्या दुखापतीने माणसाची कमवायची ताकद किती घटली त्याचे.

त्या कायद्याचा एक हिशोब करून पाहू. तीस वर्षांचा पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर, पगार महिना २५,०००. एकवीस हजारांच्या वर, म्हणून ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या, बाहेर. प्रेसचा साचा, म्हणजे डाय, खाली आली आणि तर्जनी मुळापासून गेली. भरपाईच्या हिशोबात त्याचा पगार १५,००० च धरायचे, कारण जानेवारी २०२० मध्ये तीच कमाल मर्यादा ठरली. त्याचे साठ टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं; तीस वर्षांच्या वयाला गुणक २०७.९८. गुणाकार झाला १८,७१,८२० आणि त्याचे चौदा टक्के २,६२,०५५ रुपये. शेजारच्या मशीनवर पन्नाशीचा माणूस असता तर गुणक १५३.०९, म्हणजे त्याच बोटाचे १,९२,८९३.

१९२३ साली हा कायदा झाला तेव्हाचा तक्ता आणखी बघण्यासारखा होता. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर तुटला तर सत्तर टक्के, डावा तसाच तुटला तर साठ. डावखुऱ्याचं काय, हा प्रश्न तक्ता करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. अंगठा पंचवीस, तर्जनी दहा, बाकी कुठलंही बोट पाच. डाव्या-उजव्यातला हा भेद पुढे काढून टाकला गेला.

कामगारांनी मुळात मागितलं होतं ते यापेक्षा वेगळं. मुंबईत सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेच्या पुस्तकातही असते. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरावीक तास आणि पंधरा तारखेच्या आत पगार, याही मागण्या होत्या. जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही ती मागणी अशी: कामावर जबर लागलं तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. बोटाला किती, हातापायाला किती, असा भाव त्यात नव्हता.

तेव्हा कायद्याच्या नावाने हातात काय होतं? मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ ची, आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५५ मध्ये, जीवघेण्या अपघातांचा कायदा आला. माणूस मेला तर वारसांना दावा लावता येईल, पण दुसऱ्याची चूक होती हे त्यांनी सिद्ध करायचं. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालायला सांगितलं, अपघाताची खबर द्यायला सांगितलं. खबर सरकारला जायची, पैसे कामगाराला मिळत नसत.

चूक सिद्ध करायची हे ऐकायला रास्त वाटतं. पण गिरणीत एकाच शाफ्टवर रांगेने साचे चालायचे. कुणी एकाने पट्टा चढवताना घाई केली आणि दुसऱ्याचा हात ओढला गेला, तर चूक कोणाची? इंग्रजी कायद्याचं उत्तर होतं, सोबत्याची, मालकाची नाही. हे उत्तर १८३७ च्या एका खटल्यातून आलेलं. खाटकाकडच्या नोकराची गाडी जास्त माल भरल्यामुळे मोडली आणि त्याची मांडी मोडली. ज्युरीने त्याला शंभर पौंड दिले होते, वरच्या न्यायालयाने ते काढून घेतले. सहकाऱ्याच्या चुकीला धनी जबाबदार नाही, आणि नोकरी पत्करताना धोकाही पत्करलास, असं हे शास्त्र. नुकसानीच्या दिवाणी दाव्यांत हा बचाव भारतात कायद्याने मोडायला सुरुवात झाली ती थेट १९३८ साली.

योगायोग असा की लोखंड्यांच्या सभा झाल्या त्याच वर्षी, जुलै १८८४ मध्ये, बिस्मार्कच्या जर्मनीने अपघात विम्याचा कायदा केला. हप्ता मालकांनी भरायचा, चूक कुणाची ते विचारायचं नाही. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची होती त्याला. इंग्लंडने १८९७ मध्ये भरपाईचा कायदा केला. मुंबईच्या कामगाराला मात्र १८८४ च्या अर्जानंतर एकोणचाळीस वर्षं थांबावं लागलं.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं, संप झाले, १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी राहिली. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांच्या वतीने गेले ते कामगार नेते ना. म. जोशी. पुढच्या वर्षी मुंबईत आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. सरकारला कायदा टाळणं अवघड होत गेलं. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा आठवा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

त्यातली खरी क्रांती एका वाक्यात आहे: अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला असेल तर मालकाने भरपाई द्यायची. चूक कुणाची, हा प्रश्नच बाद. रकमांकडे पाहिलं की मात्र उत्साह ओसरतो. मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, जे कमी असेल ते. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, तिथेही जे कमी असेल ते. मेलेला कामगार अल्पवयीन असेल तर दोनशे रुपये, विषय संपला. ते ‘जे कमी असेल ते’ बदलून ‘जे जास्त असेल ते’ व्हायला १९८४ उजाडलं.

आणि बरा होईपर्यंतचा पगार? १९२३ मध्ये दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा पगार, तोही पंधरवड्याला पंधरा रुपयांच्या वर नाही. शिवाय पहिल्या दहा दिवसांची दुखापत हिशोबात नाही. हे दहा दिवस १९३३ मध्ये सात झाले, १९५९ मध्ये तीन. अर्धा पगार मात्र शंभर वर्षांनंतरही अर्धाच राहिला, तोही त्याच पंधरा हजारांच्या मर्यादेत.

लोखंड्यांच्या मागणीच्या सगळ्यात जवळ गेली ती दुसरीच योजना. १९४३ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. हाच आपला ईएसआय. कामावर लागलं तर बरा होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम. एकरकमी घेऊन मोकळं व्हा असं नाही. ईएसआयमध्ये असलेल्याला त्याच अपघातासाठी मालकावर भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं. आणि ज्याचं कार्डच अपघात झाल्यावर काढलं जातं, त्याची गोष्ट वेगळीच.

ईएसआय नसेल तर २०२५ पर्यंत भरपाई कायदा होता, आणि त्यात कामगाराच्या बाजूच्या काही गोष्टी फार जुन्या होत्या. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता यायची. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. ‘माझी काही तक्रार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तरी हक्क जात नसे. मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हातात परस्पर द्यायची नसे, ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे जमा करायची असे. आपल्याकडे कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायाधीश हे काम पाहायचे. दाव्याची मुदत दोन वर्षं. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, सबळ कारण नसेल तर वर निम्म्यापर्यंत दंड. दारू प्यायला होता, मुद्दाम यंत्राचा गार्ड काढला, हे मालकाचे नेहमीचे बचाव, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ते चालत नसत. उपचारांचा खरा खर्च मालकाने द्यायचा, ही भर २०१० ची. ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ हा शब्द कायद्याच्या नावात आला तोही तेव्हाच.

तक्त्याला जोराचा धक्का दिला तो न्यायालयाने. ओडिशातल्या जयपूर गावी १९६८ मध्ये एका सिनेमागृहाचं नक्षीकाम करताना एक सुतार पडला, त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ही अंशतः हानी. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये म्हटलं, सुतारकाम एका हाताने होत नाही. शंभर टक्के धरा, म्हणाले. तेव्हापासून टक्के मोजताना माणूस काय काम करत होता हे पाहावं लागतं.

‘काम चालू असताना’ या शब्दांवरही असाच झगडा झाला, आणि त्यातला मोठा खटला मुंबईचा. बेस्टचा, म्हणजे शहराच्या बससेवेचा, एक ड्रायव्हर ड्यूटी संपवून जोगेश्वरीहून बेस्टच्याच बसने घरी निघाला. बस उभ्या लॉरीवर आदळली, तो दगावला. घरी जाताना कसलं काम, असा बेस्टचा सवाल. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये विधवेच्या बाजूने निकाल दिला: बसने फुकट येण्याजाण्याची सोय ही सेवा नीट चालावी म्हणूनच होती, तेव्हा तो प्रवासही नोकरीचाच भाग.

पण ज्याला कंपनीची बस नाही, जो स्वतःच्या मोटारसायकलने जातो, त्याचं काय? ईएसआय कायद्यात २०१० मध्ये येण्याजाण्यातला अपघात धरला गेला. सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. मधल्या वर्षांतले दावे मात्र जुन्या भरपाई कायद्यावरच अडकले होते. त्यातला एक उस्मानाबादचा. साखर कारखान्याचा रखवालदार, पाळी पहाटे तीनची. २२ एप्रिल २००३ ला कामावर निघाला, कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. तिथल्या आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला माणूस कामालाच निघालेला असतो, हे ठरायला बावीस वर्षं तीन महिने लागले.