पाइपवरचा लेप आणि दोन अडकलेले शब्द : पार्श्वभूमी

जमिनीखालच्या पोलादी पाइपलाइनवर द्यायच्या लेपाची चर्चा निघाली की दोन शब्द हमखास एकमेकांत अडकतात: ‘इन्सुलेटिंग’ आणि ‘शील्डिंग’. दोन्हींचा मतलब एकच, वीज अडवणारा. पण पहिला शब्द गुण म्हणून लिहिला जातो आणि दुसरा दोष म्हणून, तोही पुष्कळदा एकाच पदार्थाबद्दल. लेपाने गंजही थोपवावा आणि वीजही अडवावी ही मागणी कुठून आली, आणि तीच पुढे अंगाशी कशी आली, हे कळल्याशिवाय लेप ‘नॉन-शील्डिंग’, म्हणजे वीज न अडवणारा, असावा की नाही हा आजचा वाद उलगडत नाही.

लांबचा इतिहास थोडक्यातच सांगतो. बिडाचे पाण्याचे पाइप कोळशाच्या गरम डांबरात बुडवून काढायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रूढ झाली. तिच्यामागे विजेचा विचार नव्हता, लोखंडाला पाणी लागू नये एवढाच हेतू होता. त्याच सुमारास, १८५० आणि १८५१ मध्ये, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात तारायंत्राची तार टाकली गेली. तिच्या तांब्यावर गटापर्चाचा, म्हणजे रबरासारख्या झाडाच्या चिकाचा, थर होता, आणि तो वीज पाण्यात निसटू नये म्हणून दिलेला होता. एक लेप पाण्यासाठी, दुसरा विजेसाठी. दोन्ही कामे मुळात एकच असू शकतात हे लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

खरे तर त्याचा धागा आधीच हाती आला होता. १८२४ मध्ये लंडनमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की युद्धनौकांच्या तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले, तर त्यांच्यातून वाहणाऱ्या विजेमुळे समुद्राच्या पाण्यात तांबे झिजत नाही. तांबे वाचले; पण त्याचे क्षार पाण्यात सुटेनासे झाले, तसे तळाला शिंपले आणि शेवाळ धरू लागले. जहाजे मंदावली आणि ते तुकडे काढून टाकावे लागले. ही युक्ती जमिनीखालच्या लांब पाइपपर्यंत पोहोचायला आणखी शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात पाइपवाल्यांना विजेची ओळख झाली ती नुकसानीतून. १८८० च्या दशकाअखेर शहरांतून विजेच्या ट्राम धावू लागल्या. त्यांचा एकदिश प्रवाह रुळांतून वीजघराकडे परत येई, पण सगळा नाही. काही भाग ओल्या मातीत उतरे, शेजारच्या पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपमध्ये शिरे आणि वीजघराजवळ पाइप सोडून बाहेर पडे. जिथे तो बाहेर पडे, तिथले लोखंड विरघळून जाई. १ अँपिअरचा प्रवाह वर्षभर असा बाहेर पडत राहिला तर साधारण ९ किलो लोखंड जाते. यावर लेप हा साधा उपाय वाटला. पण डांबराच्या थराला एखादे बारीक छिद्र राहिले, तर सगळा प्रवाह त्याच छिद्रातून निघू पाही. उघडा पाइप सगळीकडून थोडाथोडा झिजत असे. लेप दिलेला पाइप एकाच जागी आरपार भोक पडून गळू लागे. लेप चांगला, पण अपुरा असला तर धोका वाढवतो, हा पहिला धडा तेव्हाच मिळालेला होता. पुढे तो विसरला गेला, असे माझे मत आहे.

१९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये एका अभियंत्याने ट्रामच्या त्या चोरट्या प्रवाहाचीच दिशा उलटवली. रेक्टिफायर, म्हणजे एकदिश प्रवाह देणारे यंत्र, बसवून त्याने मातीतून गॅसच्या पाइपकडे प्रवाह सोडला, म्हणजे संपूर्ण पाइपच कॅथोड झाला: प्रवाह आत शिरतो ती, न झिजणारी बाजू. पाइपचे विभव तांबे–कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्टपर्यंत नेले की गंज व्यवहारात थांबतो, ही त्याची मर्यादा आजही जगभर वापरतात. यालाच कॅथोडिक प्रोटेक्शन, साइटवरच्या भाषेत सीपी, म्हणतात.

लेप आणि वीज यांचे लग्न लागले ते इथे, आणि ते लावले हिशोबाने. उघड्या पोलादाला मातीत चौरस मीटरमागे साधारण १० ते ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा १ किलोमीटर म्हणजे जवळजवळ १,९०० चौरस मीटर पृष्ठभाग. म्हणजे किलोमीटरला १९ ते ५७ अँपिअर. शेकडो किलोमीटरच्या लाइनला हे परवडणारे नाही. तोच पाइप चांगला लेपलेला असेल तर उघडे राहतात ते फक्त ओरखडे आणि छिद्रे, आणि किलोमीटरचे काम १ अँपिअरच्या छोट्याशा हिश्श्यात भागते. तेव्हापासून लेपाकडून अपेक्षा अशी झाली: जितका होईल तितका भाग त्याने विजेपासून तोडावा, राहिलेल्या छिद्रांकडे सीपी बघेल. लेपाचा विद्युतरोध जास्त म्हणजे लेप चांगला, हे समीकरण पक्के झाले.

प्रयोगशाळांनीही त्याला दुजोरा दिला, आणि तो अनपेक्षित बाजूने आला. रंगाचा थर पाणी आणि हवा अडवतो म्हणून गंज धरत नाही, अशी सर्वांचीच समजूत होती. १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये मोजमापे झाली, तेव्हा उलटेच दिसले. नेहमीच्या रंगांतून पाणी आणि ऑक्सिजन इतके आत झिरपतात, की उघड्या लोखंडाला गंजायला लागतात त्याहूनही ते जास्त भरावेत. तरी लोखंड टिकते, कारण रंगाच्या थरातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सहज सरकू शकत नाहीत. अ‍ॅनोड (जिथे धातू विरघळतो ती जागा) आणि कॅथोड यांच्यामधला विजेचा फेरा पूर्ण होत नाही, म्हणून गंज अडतो. त्याच्या थोडे आधी, १९४८ मध्ये, अमेरिकेत ३०० हून जास्त लेप समुद्राच्या पाण्यात ठेवून त्यांचा रोध मोजला गेला होता. चौरस सेंटिमीटरमागे १० कोटी ओहमच्या वर राहिलेले लेप टिकले आणि १० लाखांच्या खाली घसरलेले लेप गेले. गंज अडवणे आणि वीज अडवणे ही दोन कामे नाहीत, एकच काम आहे, हे तेव्हा आकड्यांत दिसले. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो. दुर्दैवाने त्याचा अर्धाच भाग पुढे वापरात आला.

तोवर पाइपवर राज्य होते कोल टार इनॅमलचे. या ‘इनॅमल’ शब्दानेही कमी घोळ घातलेला नाही. भांड्यावरचे इनॅमल म्हणजे भाजलेली काच. मोटारीच्या वाइंडिंगच्या तारेवरचे इनॅमल म्हणजे भट्टीत पक्का केलेला रेझिनचा पातळ थर. रंगाच्या डब्यावरचे इनॅमल म्हणजे चकचकीत ऑइल पेंट. आणि पाइपवरचे इनॅमल म्हणजे भर घातलेले कोळशाचे डांबर. खंदकाच्या काठी कढईत ते अडीचशे अंशांच्या आसपास वितळवायचे, फिरत्या यंत्राने पाइपवर सुमारे अडीच मिलिमीटर जाड ओतायचे आणि वरून काचतंतूंचा किंवा अ‍ॅसबेस्टॉसचा पट्टा गुंडाळायचा. त्याचा धूर माणसांना घातक होता, आणि त्या कामावरच्या लोकांनी तो वर्षानुवर्षे छातीत घेतला.

म्हणून १९५० आणि ६० च्या दशकांत पॉलिइथिलिनची टेप आली तेव्हा तिचे स्वागत होणे साहजिक होते. कढई नाही, धूर नाही. थंड पाइपवर यंत्र फिरवायचे आणि टेप गुंडाळत जायचे. शिवाय पॉलिइथिलिन म्हणजे केबलवर वापरायचा उत्तम इन्सुलेटर. समीकरणानुसार हाच आदर्श लेप होता.

अमेरिकेत १९७१ पासून नव्या गॅस पाइपलाइनला बाहेरून लेप आणि सीपी दोन्ही सक्तीचे झाले. त्या संघीय नियमांत एक वाक्य आहे, ज्याच्यावर सगळा पुढचा वाद उभा आहे: लेप विद्युतरोधक प्रकारचा असेल तर त्याने पाणी कमी शोषले पाहिजे आणि त्याचा विद्युतरोध जास्त असला पाहिजे. वाक्य चुकीचे नाही. पण लेप पाइपला चिकटलेला आहे तोवरचेच ते बोलते. लेप सुटला तर काय, यावर ते गप्प आहे.

टेप सुटते कशी, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पाइपवर लांबीच्या दिशेने वेल्डची शिवण असते आणि ती पृष्ठभागाहून किंचित उंच असते. टेप ताणून गुंडाळली की ती शिवणीच्या माथ्यावर टेकते आणि दोन्ही बाजूंना थोडी अधांतरी राहते. तंबूच्या कापडाखाली पोकळी राहावी तशी, म्हणून याला ‘टेंटिंग’ म्हणतात. पुढे मातीच्या ओढीने टेपला सुरकुत्या पडतात आणि वेढ्यांवरचा जोड उघडतो. त्या पोकळीत पाणी शिरते आणि पाइपबरोबर लांबवर पसरते. आता पोलाद ओले आहे, आणि वर अखंड पॉलिइथिलिन आहे. सीपीचा प्रवाह टेपमधून येऊ शकत नाही. कडेच्या फटीतून येतो, पण पाण्याच्या पातळ थरातून फार आतवर पोहोचत नाही. लेपाने ज्या गुणासाठी नोकरी मिळवली होती, त्याच गुणाने रक्षकाला दाराबाहेर ठेवले.

आणि वरून मोजमाप सगळे उत्तम! जमिनीवरून विभव मोजावे तर ते उणे ०.८५ च्या पलीकडे, प्रवाहाची मागणी कमी, मोठे छिद्र कुठे सापडत नाही. डांबराचा लेप म्हातारा झाला की पाणी पितो, तडकतो, जास्त प्रवाह मागतो. म्हणजे तक्रार तरी करतो. टेप तक्रार करत नाही.

कॅनडात १९८५ आणि १९८६ मध्ये टेप गुंडाळलेल्या गॅस पाइपलाइनवर याचे परिणाम दिसले. सुटलेल्या टेपखालच्या, जवळजवळ उदासीन सामूच्या पाण्यात पोलादाला बारीक भेगांच्या वसाहतीच्या वसाहती पडल्या होत्या. ताण आणि गंज एकत्र आले की अशा भेगा पडतात. १९९५ मध्ये सार्वजनिक चौकशी सुरू झाली आणि १९९६ च्या अहवालाने टेप आणि या भेगा यांचे नाते चव्हाट्यावर आणले. डांबरी लेपही यातून सुटलेला नाही, हे सांगायला हवे. १९६५ मध्ये लुइझियानातल्या नॅकटिशजवळ गॅस पाइपलाइन फुटून १७ माणसे गेली, ती भेगांचीच दुर्घटना होती. पण त्या भेगांची जात वेगळी, कार्बोनेट–बायकार्बोनेटच्या अल्कधर्मी पाण्यातली. तिथे प्रवाह पोहोचत होता. टेपखाली तो पोहोचतच नव्हता.

मग २००८ मध्ये त्याच अमेरिकी नियमांत, नेहमीपेक्षा जास्त दाबाने चालवायच्या गॅस पाइपलाइनसाठी, नवी अट आली: लेप ‘नॉन-शील्डिंग’ असला पाहिजे. १९७१ चे वाक्यही तसेच राहिले. म्हणजे एकीकडे विद्युतरोध जास्त हवा आणि दुसरीकडे वीज अडवता कामा नये. वाचणारा गोंधळणारच.

उलगडा असा आहे, की ‘इन्सुलेटिंग’ हा चिकटलेल्या लेपाचा गुण आहे आणि ‘शील्डिंग’ ही सुटलेल्या लेपाची वागणूक आहे. १९६० पासून कारखान्यात दिला जाणारा फ्यूजन बाँडेड इपॉक्सी, म्हणजे एफबीई, हे त्याचे उदाहरण. शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे पोलादी कणांच्या माऱ्याने, पांढरा केलेला पाइप सव्वादोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवतात आणि त्यावर विद्युतभारित भुकटी उडवतात. ती वितळून मिनिटभरात पक्की होते. थर जेमतेम ३०० ते ५०० मायक्रॉनचा. नवा एफबीई उत्तम विद्युतरोधक असतो. त्याची परीक्षाही विजेनेच होते: मायक्रॉनला साधारण ५ व्होल्ट या मापाने, ४०० मायक्रॉनला २,००० व्होल्ट देऊन स्प्रिंगचे कडे पाइपवरून फिरवतात. छिद्र आले की चटकन ठिणगी उडते आणि यंत्र ओरडते. अशा छिद्राला ‘हॉलिडे’ म्हणतात. जहाजाला डांबर फासताना राहून गेलेल्या जागेसाठी खलाशी वापरत, तोच हा शब्द. पण हाच एफबीई वर्षांनंतर फुगून सुटला, तर त्याखालचे पाणी पुष्कळदा अल्कधर्मी सापडते. सीपीच्या प्रवाहाने पोलादाजवळचे पाणी अल्कधर्मी होते, म्हणजे तो प्रवाह तिथवर गेलेला असतो आणि त्याने पोलाद सांभाळलेले असते.

‘नॉन-शील्डिंग’च्या अटीला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप बिनबुडाचा नाही. सुटलेला लेप कसा वागेल हे त्याची जाडी, पाण्याची क्षारता, फोडाचा आकार, तडा आहे की नाही, यावर ठरते. मग एखाद्या पदार्थावर ‘नॉन-शील्डिंग’ असा शिक्का कोणत्या चाचणीने मारायचा? युरोपने तर दुसरीच वाट धरली: खाली इपॉक्सी, मध्ये चिकटवणारा थर, वर दोन-तीन मिलिमीटर पॉलिइथिलिन. त्यांचे म्हणणे, हा लेप सुटूच नये इतका घट्ट बसतो, आणि २५,००० व्होल्टच्या ठिणगी-परीक्षेतून बाहेर पडतो. हाताळणीत आणि दगडमातीत तो एफबीईपेक्षा कितीतरी दणकट आहे, हे खरे. तरीही अशा तीन थरांच्या लेपाचेही मोठाले पट्टे सुटलेले सापडले आहेत. सुटलेल्या भागाखाली पाणी खेळते नसल्याने गंज बहुधा कमी दिसतो. मला हा दिलासा पुरेसा वाटत नाही, कारण टेपच्या बाबतीतही बराच काळ सगळे आलबेल दिसत होते.

कारखान्यातला लेप कोणताही निवडला तरी प्रश्न सर्वांत जास्त पेटतो तो जॉइंटवर, म्हणजे दोन पाइप वेल्डने जोडतात त्या जागी. पाइप साधारण १२ मीटरचे येतात, म्हणजे १ किलोमीटरला ८० हून जास्त वेल्ड. तिथला लेप उघड्यावर, वाऱ्याधुळीत, ओल पडायच्या आत द्यावा लागतो. वर्षानुवर्षे तिथे गॅसच्या ज्योतीने तापवून बसवायची पॉलिइथिलिनची श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आकसून पाइपला आवळणारी बाही, वापरली गेली. ती एका बाजूने कमी तापली तर तिथेच चिकटत नाही, आणि मग तिच्याखाली टेपचीच गोष्ट पुन्हा घडते. अलीकडे कित्येक निविदांत जॉइंटसाठी स्लीव्हऐवजी दोन घटकांचे द्रव इपॉक्सी मागतात, जे ब्रशने किंवा रोलरने लावून ओल्या थराची जाडी जागच्या जागी कंगव्यासारख्या गेजने मोजतात. पाइपच्या अंगावर मात्र पुष्कळ ठिकाणी तीन थरांचे पॉलिइथिलिनच असते. अशा लाइनवर दर १२ मीटरला लेपाचे तत्त्व बदलते: पाइपवर १९७१ चे वाक्य, जॉइंटवर २००८ चे.