ईटनला मुलाला घालायचंय? तारखा, परीक्षा, फी आणि कागदपत्रं, मला माहीत असलेलं सगळं

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो, ईटन कॉलेज (नाव कॉलेज, पण आहे शाळा) इथून दोन-अडीच मैलांवर, त्यामुळे नात्यातलं किंवा ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच की तिकडे ॲडमिशन कशी मिळते हो. काही इथलेच आयटीवाले, काही पुण्या-ठाण्याकडचे. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, फी किती. खरं तर पहिला प्रश्न तारखेचा असायला हवा, कारण फीवर मार्ग निघू शकतो, गेलेल्या तारखेवर सहसा निघत नाही. माझ्या मामेभावाच्या मुलाचं नेमकं हेच झालं. पोरगा इतका हुशार की गणितात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नाही, पण भावाने चौकशी सुरू केली तेव्हा मुलगा सातवीत होता आणि नेहमीच्या प्रवेशाची नोंदणी दोन वर्षांपूर्वीच बंद झालेली. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

आधी हे लक्षात घ्या की ही फक्त मुलांची शाळा आहे, मुली नाहीत, आणि सगळे विद्यार्थी होस्टेललाच राहतात, घरून येऊन-जाऊन करायची सोय नाही. मुलं १३ ते १८ वयाची, एकूण साधारण १,३००. आत जायचे वेळेचे टप्पे दोनच, एक तेराव्या वर्षी म्हणजे इंग्लंडच्या इयर ९ ला आणि दुसरा सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना, आणि दुसऱ्या टप्प्यात जागा फारच थोड्या.

आता तारीख. तेराव्या वर्षी आत जायचं असेल तर नोंदणी इयर ५ च्या ३० जूनपर्यंत करावी लागते, म्हणजे मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना! इथेच आपली लोकं चुकतात, कारण आपण इयत्तेवरून हिशोब लावतो आणि इंग्लंडचं शैक्षणिक वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या जन्मतारखेवर चालतं. महाराष्ट्रात पहिलीच्या वयासाठी ३१ डिसेंबर धरतात, त्यामुळे नोव्हेंबर २०१६ चा मुलगा जून २०२६ ला पाचवीत असेल आणि मार्च २०१७ चा चौथीत, पण इंग्लंडच्या हिशोबाने दोघंही एकाच इयर ५ मध्ये. तेव्हा इयत्ता विसरा, जन्मदाखला बघा. १ सप्टेंबर २०१६ ते ३१ ऑगस्ट २०१७ च्या मधला जन्म असेल तर इयर ५ हे २०२६-२७, नोंदणीची मुदत ३० जून २०२७, आणि शाळेत पाऊल सप्टेंबर २०३० मध्ये. एक वर्ष मागचा-पुढचा असेल तर सगळ्या तारखा एकेक वर्षाने सरकवा. नोंदणी शाळेच्या वेबसाइटवर ऑनलाइन होते, फी भरावी लागते आणि ती परत मिळत नाही. मुदतीच्या आत कधीही केली तरी चालते, पहिल्या दिवशी केली म्हणून जास्त मार्क नाहीत.

नोंदणीनंतर पहिली परीक्षा येते ती आयएसईबी (तिकडच्या खासगी शाळांचं परीक्षा मंडळ) कॉमन प्री-टेस्ट, इयर ६ ला. कॉम्प्युटरवर, पर्यायी उत्तरांची, चार भाग: इंग्रजी, गणित, व्हर्बल रीझनिंग आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग. आपल्याकडे स्कॉलरशिपच्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणी असते ना, शेवटचे दोन भाग साधारण त्याच वळणाचे, त्यामुळे चौथी-पाचवीला स्कॉलरशिपला बसलेल्या मुलाला ते अगदी परके वाटत नाहीत. मुलगा जसजसा बरोबर उत्तरं देतो तसतसे प्रश्न अवघड होत जातात, म्हणून पेपर कठीण गेला असं रडत घरी आला तर लगेच तोंड पाडून बसू नका. मार्क वयानुसार समायोजित होतात, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या पोरावर अन्याय नको म्हणून. एका शैक्षणिक वर्षात ही परीक्षा एकदाच देता येते आणि तोच निकाल तुम्ही अर्ज केलेल्या बाकीच्या शाळांनाही जातो. परीक्षा मुलाच्या स्वतःच्या शाळेत होऊ शकते किंवा नोंदणीकृत केंद्रात.

त्याबरोबर सध्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा रिपोर्ट मागवतात, आणि हा रिपोर्ट लोकं फार हलक्यात घेतात. आपल्याकडच्या शाळेला अशा रिपोर्टची सवय नसते, दोन ओळीत 'मुलगा हुशार व शिस्तप्रिय आहे' लिहून शिक्का मारून देतात. तिकडे वाचणाऱ्याला हवं असतं की पोराला कशात रस आहे, प्रश्न विचारतो का, दुसऱ्यांशी कसा वागतो, नाटक खेळ गाणं काही करतो का. मुख्याध्यापकांना वेळेत जाऊन भेटा आणि हे नीट समजावून सांगा, त्यांनाही आनंदच होतो.

प्री-टेस्ट आणि रिपोर्ट बघून निवडक मुलांना पुढच्या टप्प्याला बोलावतात, तिथे आणखी चाचणी आणि शिक्षकांबरोबर मुलाखत. मुलाखतीसाठी पाठ केलेली उत्तरं कामाची नाहीत, हे मी अनुभवी पालकांकडून पुन्हा पुन्हा ऐकलंय. पोराला किल्ल्यांचं वेड असेल तर किल्ल्यांबद्दल बोलू दे, उगाच बुद्धिबळ आवडतं म्हणून सांगायला लावू नका. यातून जागा मिळते ती सशर्त, म्हणजे इयर ८ ला कॉमन एन्ट्रन्स (खासगी शाळांची सामायिक प्रवेश परीक्षा) किंवा शाळा सांगेल ती परीक्षा पास व्हायची अट असते. काही मुलं वेटिंग लिस्टवर राहतात आणि त्यातल्या काहींना नंतर जागा मिळतेही.

आता जरा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय पुढची स्कॉलरशिपची गोष्ट कळणार नाही. ईटन १४४० साली राजा सहाव्या हेन्रीने काढली, आणि काढली ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला. १४४१ ला त्यानेच केंब्रिजला किंग्ज कॉलेज काढलं म्हणजे ही पोरं पुढे तिकडे जातील. ज्यांचे आईबाप पैसे देऊ शकत ती मुलं गावात भाड्याने राहून शिकायची, त्यांना ऑपिडन म्हणायचे, लॅटिनमधला गाव या अर्थाचा शब्द, आणि आज पैसे भरणाऱ्या मुलांना तेच नाव आहे. १४६१ ला हेन्रीची गादी गेली, चौथ्या एडवर्डने शाळेच्या देणग्या आणि मौल्यवान वस्तू काढून घेतल्या, शाळा कशीबशी जगली. तिथलं चॅपल बघितलंत तर केवढं भव्य वाटतं, पण ते मूळ आराखड्याचा फक्त पुढचा भाग आहे, बाकीचं कधी बांधलंच गेलं नाही. विंडसरहून पूल ओलांडून हाय स्ट्रीटने चालत गेलं की समोर येतं, मी पहिल्यांदा गेले तेव्हा कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

पुढे मात्र ही श्रीमंतांची आणि सत्तेची शाळा झाली. पहिले पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल इथले आणि बोरिस जॉन्सन हे इथून निघालेले विसावे. एका शाळेतून वीस पंतप्रधान हे कौतुकाने सांगितलं जातं, पण इंग्लंडमध्ये त्यावर रागही आहे आणि तो मला पटतो, देशाची सत्ता एवढ्याशा दारातून जाऊ नये. आपल्याशीही या शाळेचा संबंध आहे. १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला, तो इथे तीन वर्षं होता आणि अभ्यासात यथातथाच होता. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिसही इथलाच, त्याच्याच नावाची हॅरिस शील्ड, जिच्यात १९८८ ला सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ ची भागीदारी केली. आणि शाळेच्या मतावर मुलाचं आयुष्य ठरत नाही याचंही उदाहरण इथलंच आहे, जॉन गर्डन इथे जीवशास्त्रात तळाला होते, शास्त्रज्ञ व्हायचा विचार हास्यास्पद आहे असा शेरा रिपोर्टात मिळाला, आणि २०१२ ला त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तर ती हेन्रीची ७० मुलं. ती जागा आजही आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं! त्यांना किंग्ज स्कॉलर म्हणतात, आजही एकूण ७०, दरवर्षी साधारण १४ नवीन, ती वेगळ्या वसतिगृहात राहतात, शाळेच्या टेलकोटवर काळा गाऊन घालतात आणि नावापुढे केएस लावतात. अर्थतज्ज्ञ केन्स किंग्ज स्कॉलर होते, आणि आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेले जॉर्ज ऑर्वेलसुद्धा. ही परीक्षा इयर ८ ला मे महिन्यात होते, मुलगा १ सप्टेंबरला १४ च्या आतला हवा, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामान्य पेपर असतो आणि वर काही विषय निवडायचे असतात, लॅटिन-ग्रीकसुद्धा त्यात आहेत पण तेच घ्यावे लागतात असं नाही. परीक्षा खरोखर अवघड, पाठांतराने होणारी नाही. पण महत्त्वाचं हे की इयर ५ ची नोंदणी हुकलेल्या मुलालाही हा रस्ता खुला असतो. माझ्या मामेभावाला हे कळलं तेव्हा त्याही परीक्षेचा अर्ज बंद झालेला, म्हणून इतकं तळमळीने लिहितेय.

दुसरा रस्ता ऑर्वेल अवॉर्ड. हा सोळाव्या वर्षीचा, ब्रिटनमधल्या सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी, वर्षाला जास्तीत जास्त बारा, आणि दोन वर्षांचा खर्च पूर्ण माफ. परिस्थितीमुळे मागे राहिलेल्या पण धडपड असलेल्या मुलांसाठी तो आहे. त्यामुळे भारतातून थेट अर्ज करणाऱ्यांना याचा उपयोग नाही, पण स्लाउ, हाउन्सलो, लेस्टरकडे सरकारी शाळेत पोरं असलेल्या मराठी घरांनी याच्याकडे नक्की बघावं. अर्ज इयर ११ च्या सुरुवातीलाच करावा लागतो.

फी आता सांगते. २०२४-२५ ला वर्षाची फी ५२,७४९ पाउंड होती, आणि १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, म्हणजे वर्षाला ६३ हजारांच्या वर, रुपयात तेव्हाच्या दराने ६५-७० लाखांच्या घरात. वर्षाचे तीन हप्ते, प्रत्येक टर्मला एक. तिथे टर्मला 'हाफ' म्हणतात, वर्षात तीन हाफ, आणि याचा हिशोब मला अजून कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. युनिफॉर्म, सहली, संगीताचे क्लास हे वेगळं. एवढा आकडा वाचून बहुतेक लोक पान बंद करतात, पण बर्सरी नावाची मदत असते, ती घरच्या परिस्थितीवर ठरते आणि अगदी पूर्ण फी माफ होण्यापर्यंत जाऊ शकते. किंग्ज स्कॉलरलाही स्कॉलरशिपच्या वर ही मदत मागता येते. त्यासाठी प्रवेशाचा वेगळा आणि बर्सरीचा वेगळा अर्ज, त्यात पगाराच्या स्लिपा, पी-सिक्स्टी (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा इथला कागद), बँक स्टेटमेंटं, घराचं कर्ज, बचत, सगळं उघड करायचं. गावाकडची जमीन आणि पुण्यातला फ्लॅटही लिहायचा हं, लपवू नका, अशी गोष्ट नंतर निघाली तर मदत जाऊ शकते, आणि मदतीचा आढावा दरवर्षी घेतला जातो.

कागदपत्रं. नोंदणीला मुलाचा जन्मदाखला आणि पासपोर्टची प्रत जवळ ठेवा, आणि शाळेचे मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट. भारतातून येणाऱ्यांना मुलगा १७ पर्यंतचा असेल तर चाइल्ड स्टुडंट व्हिसा लागतो. शाळेकडून सीएएस नंबर (जागा दिल्याची व्हिसासाठीची खूण) मिळाल्यावरच अर्ज, कोर्स सुरू व्हायच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एका वर्षाची शाळेची आणि राहण्याची फी बँकेत २८ दिवस सलग हवी, स्टेटमेंट अर्जाच्या वेळी ३१ दिवसांपेक्षा जुनं नको. टीबीची टेस्ट मान्यताप्राप्त दवाखान्यातूनच, मुंबईत सोय आहे. हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे, वर्षाला ७७६ पाउंड तो वेगळा. आईवडील दोघांचं सहीचं संमतीपत्र, त्यात अर्जाला, इंग्लंडमधल्या राहण्याच्या व्यवस्थेला आणि प्रवासाला मंजुरी आहे हे स्पष्ट लिहिलेलं. आणि इंग्लंडमध्ये राहणारा पालक म्हणजे गार्डियन नेमावा लागतो, सुट्टीत किंवा आजारपणात मुलगा त्यांच्याकडे. आधीच आईवडिलांबरोबर डिपेंडंट व्हिसावर इथे असलेल्या मुलांना यातलं व्हिसाचं काही लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जन्मदाखला, म्हणून तो आज काढून बघा. कित्येक दाखल्यांवर मुलाचं नाव नसतंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. एक वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत, तेव्हा ग्रामपंचायत किंवा महापालिकेत जाऊन नाव घालून घ्या. दाखला नुसता मराठीत असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर लागेल. आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा, आणि पासपोर्टवर मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव आहे पण शाळेच्या रिपोर्टवर नाही असं असेल तर शाळेकडून एका ओळीचं पत्र आताच घेऊन ठेवा, मे महिन्याच्या सुट्टीत ऑफिसला कुलूप असतं.