युनियन काउंटी

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दक्षिण सीमेवरील काउंटी. क्षेत्रफळ सु. १,६४० चौ. किमी.; लोकसंख्या २,३८,२६७ (२०२०). मुख्य ठाणे मन्रो हे शार्लट शहराच्या आग्नेयीस सु. ४० किमी. वर आहे. पश्चिमेस मेक्लेनबर्ग काउंटी, तर दक्षिणेस व नैर्ऋत्येस साऊथ कॅरोलायना राज्य. जमीन उंचसखल, माती तांबडी व चिकण. कटॉबा नदीला मिळणारे ट्वेल्व्ह माइल क्रीक आणि वॅक्सहॉ क्रीक हे ओढे पश्चिम भागातून वाहतात. काउंटीचा जुना इतिहास मुख्यतः या दोन ओढ्यांकाठी घडला.

मूळ रहिवासी वॅक्सहॉ लोक. त्यांची भाषा शेजारच्या कटॉबा जमातीच्या भाषेला जवळची असावी. १५६० च्या दशकातील स्पॅनिश मोहिमेच्या कागदपत्रांत येणारे ‘गेझा’ हे नाव त्यांचेच असावे, असे काही अभ्यासक मानतात. इंग्रज प्रवासी जॉन लॉसन १७०१ मध्ये त्यांच्या वस्तीत उतरला होता. वॅक्सहॉंची डोकी चपटी का, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. तान्ह्या मुलाला फळीवर उताणे घट्ट बांधत, डोक्याच्या मागे वाळूची पिशवी आणि कपाळावर गुंडाळी ठेवत. कपाळ सपाट होऊन डोळे एकमेकांपासून लांब जात. त्यामुळे नजर तीक्ष्ण होते व शिकार चांगली साधते, अशी त्यांची समजूत होती. साऊथ कॅरोलायनातील वसाहतवाले व मूळ रहिवाशांच्या जमाती यांच्यातील यामासी युद्धात (१७१५–१७) ही जमात उद्ध्वस्त झाली. उरलेले लोक कटॉबांत मिसळले, हे मत रूढ आहे. परंतु कटॉबांनीच त्यांच्यावर हल्ला केला व बाकीचे इतरत्र पांगले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. नाव मात्र ओढ्याला, प्रदेशाला व पुढे एका गावाला राहिले.

ओस पडलेल्या या जमिनीवर १७४० नंतरच्या काळात स्कॉट्स-आयरिश (आयर्लंडच्या उत्तर भागातील स्कॉटिश वंशाची) कुटुंबे येऊ लागली. बहुतेक पेनसिल्व्हेनियातून ‘ग्रेट वॅगन रोड’ने बैलगाड्या-घोडागाड्यांनी खाली उतरली, काही चार्ल्सटन बंदरातून वर आली. काही जर्मन कुटुंबेही होती. १७५० च्या दशकात वॅक्सहॉ प्रेसबिटेरियन चर्च उभे राहिले. ते आज सीमेपलीकडे लँकेस्टर काउंटीत येते. तेव्हा वस्ती एकच होती. दरम्यान १७५९ च्या देवीच्या साथीने कटॉबांचे कंबरडे मोडले, आणि १७६३ च्या ऑगस्टा येथील तहाने त्यांच्याकडे पंधरा मैल लांब-रुंद चौकोन तेवढा उरला.

या चौकोनामुळेच राज्यसीमेला येथे विचित्र वळण मिळाले. दोन कॅरोलायनांमधील सीमा ३५ अंश अक्षवृत्तावर असावी असे ठरले होते. १७३७ मध्ये खुंटी चुकीच्या जागी, कित्येक मैल दक्षिणेला, ठोकली गेली. १७६४ मध्ये त्याच खुंटीपासून पश्चिमेकडे आखलेली रेषा सॉल्झबरी–चार्ल्सटन रस्त्यापाशी थांबली. पुढे १७७२ मध्ये त्या रस्त्याने उत्तरेस जाऊन, कटॉबांच्या जमिनीला वळसा घालून ती पुढे पश्चिमेकडे नेण्यात आली.

त्यातून अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन यांच्या जन्मस्थळाचा वाद निघाला. त्यांचे आईवडील १७६५ च्या सुमारास आयर्लंडमधून आले व ट्वेल्व्ह माइल क्रीकजवळ राहिले. १७६७ च्या आरंभी वडील वारले. अंत्ययात्रेत मद्य इतके चालले की घसरगाडीवरून शव पडल्याचे पुढच्या मुक्कामी लक्षात आले, अशी कथा सांगतात. ती कथा म्हणूनच घ्यावी. गरोदर आई एलिझाबेथ त्यानंतर बहिणीकडे गेली व १५ मार्च १७६७ रोजी अँड्रूचा जन्म झाला. प्रश्न कोणत्या बहिणीकडे, हा. मॅकॅमी कुटुंबाची झोपडी आजच्या युनियन काउंटीत, सीमेपासून हाकेच्या अंतरावर. जेम्स क्रॉफर्ड यांचा मळा साऊथ कॅरोलायनात. १८५८ मध्ये मन्रोचे सॅम्युएल वॉकप यांनी वृद्धांची प्रतिज्ञापत्रे गोळा केली आणि चरित्रकार जेम्स पार्टन यांनी त्यांच्या आधारे मॅकॅमींची बाजू घेतली. ही साक्ष जन्मानंतर नव्वद वर्षांनी घेतलेली, तीही घरातल्या बायकांकडून ऐकलेल्या हकिकतींची. जॅक्सन यांनी स्वतः १८२४ च्या पत्रात आपला जन्म साऊथ कॅरोलायनात, क्रॉफर्डांच्या मळ्यावर झाल्याचे ‘मला सांगितले गेले’ असे लिहिले. १८३२ च्या जाहीरनाम्यातही त्या राज्याला जन्मभूमी म्हटले. तेही ऐकीवच, परंतु सांगणारी बहुधा आई. म्हणून ते अधिक ग्राह्य मानावे. जन्मसमयी ही सीमा येथे आखलेलीच नव्हती, ही गोष्ट दोन्ही पक्ष सोयीने विसरतात. एका बाजूस दगडी स्मारक, दुसऱ्या बाजूस जॅक्सन यांच्या नावाचे राज्य उद्यान आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत ‘जन्मस्थळा’साठी फुटबॉलचा सामनाही खेळला गेला आहे.

स्वातंत्र्ययुद्धात मे १७८० मध्ये ब्रिटिश अधिकारी बॅनॅस्टर टार्ल्टन यांच्या घोडदळाने वॅक्सहॉ भागात केलेल्या कत्तलीनंतर जखमींना चर्चमध्ये आणून ठेवले होते.

काउंटी १८४२ मध्ये अ‍ॅन्सन व मेक्लेनबर्ग यांचे भाग तोडून झाली. व्हिग पक्षाला आपले नेते हेन्री क्ले यांच्यावरून ‘क्ले’, तर डेमोक्रॅटांना ‘जॅक्सन’ हे नाव हवे होते. तडजोड म्हणून ‘युनियन’ आले, असे सांगतात. दोन काउंट्यांचे तुकडे जोडले म्हणून युनियन, ही व्युत्पत्तीही दिली जाते. क्ले व जॅक्सन ही नावे पुढे राज्याच्या पश्चिमेकडील दोन काउंट्यांना मिळाली. वॅक्सहॉजवळ सोन्याची खाण होती. शेतीत कापूस प्रमुख होता आणि गुलामांचे श्रम त्यामागे होते. १८७४ मध्ये मन्रोला रेल्वे पोचली. १९५७ मध्ये नागरी हक्क कार्यकर्ते रॉबर्ट विल्यम्स यांनी मन्रोच्या सार्वजनिक जलतरण तलावात कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन केले. सिनेटर जेसी हेल्म्स हेही मन्रोचेच.

लोकसंख्या १९९० मध्ये ८४,२११, तर २०१० मध्ये २,०१,२९२ होती. वाढ मुख्यतः पश्चिमेकडे आहे: इंडियन ट्रेल, वेडिंग्टन, मार्विन, वॅक्सहॉ. शार्लटच्या बँका व दक्षिणेकडील बॅलंटाइन कार्यालयसंकुल हे त्याचे कारण. तेथील माहिती-तंत्रज्ञान व वित्त क्षेत्रांत काम करणारी भारतीय कुटुंबेही या गावांत बरीच आहेत. रोजची कोंडी फोडण्यासाठी मन्रोकडे जाणारा पथकराचा द्रुतगती मार्ग २०१८ मध्ये खुला झाला. पूर्व भागात कुक्कुटपालन व सोयाबीनची शेती टिकून आहे. पश्चिमेतील वस्त्यांना पाणी कटॉबा नदीवरील शुद्धीकरण केंद्रातून येते. हे केंद्र सीमेपलीकडे असून त्याची मालकी युनियन व लँकेस्टर या दोन्ही बाजूंकडे समाईक आहे.