पहिल्या फेरीनंतरही खूर लांब का दिसतो?
लॅमिनायटिस झालेला मिनिएचर घोडा सांभाळणाऱ्यांसाठी

आम्ही खूर तासून गेलो की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो. "पुढचा भाग अजून लांबच दिसतोय, राहून गेला का?" राहून गेलेला नाही, मुद्दाम ठेवलेला आहे. का ठेवला, हे या पत्रकात सांगतो.

खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. एका खुरात असे साडेपाचशे-सहाशे मुख्य पापुद्रे, आणि प्रत्येकाला पुन्हा शंभरावर बारीक पदर. घोड्याचा सगळा भार या पकडीवर असतो. लॅमिनायटिसमध्ये तीच सुजते आणि सुटू लागते. हाडाला मागून जोडलेली शीर (स्नायूची दोरी, रक्ताची नस नव्हे) ते ओढत राहते, म्हणून त्याचं टोक तळव्याकडे झुकतं. आपल्याला बाहेरून दिसतो तो मोजडीसारखा वर वळलेला खूर, उंच झालेल्या टाचा आणि भिंतीवरच्या वळ्या. या वळ्या पुढे अरुंद आणि टाचेकडे रुंद असतात.

हाडाचं झुकलेलं टोक आणि जमीन यांच्यामध्ये उरतो तो फक्त तळवा. लहान घोड्यात तोही पातळ. सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एकदा असा तळवा सुरीने 'साफ' केला गेला. खूर देखणा दिसला, पण ती घोडी तीन दिवस जागची हलली नाही. तेव्हापासून अशा खुराच्या तळव्याला पुढच्या बाजूला आम्ही सुरी लावत नाही, मालकांनी आग्रह केला तरीही नाही.

मग आम्ही करतो काय? वळलेला पुढचा भाग कानशीने समोरून मागे घेतो, म्हणजे पाऊल उचलताना भिंत आणखी फाकत नाही. टाचा उतरवतो, पण बेताने. एकदम उतरवल्या तर तीच शीर जास्त ताणली जाते. खूर उलटा धरला की तळव्याच्या कडेने एक फिकट रेघ दिसते. निरोगी खुरात ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते. आजारी खुरात ती बोटभर रुंद झालेली असते, आणि कधी तिच्यात सुकलेल्या रक्ताचे तांबूस ठिपके असतात. आम्ही आलो की ही रेघ जरूर बघून घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या फेऱ्यांमध्ये ती अरुंद होत गेली तर काम योग्य दिशेने चाललं आहे.

खूर महिन्याला पाऊण-एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतो. केसांच्या कडेपासून नवी, घट्ट धरलेली भिंत जमिनीपर्यंत यायला वर्षभर लागू शकतं. म्हणून दर चार-पाच आठवड्यांनी थोडं थोडं तासायचं. एक्स-रे असेल तर हाड कुठे आहे ते पाहून हात चालवता येतो. पशुवैद्यकांकडून तो काढून घ्याच. आमच्या डोळ्यांना भिंतीच्या आतलं दिसत नाही.

आता खरी गोष्ट दावणीची. चंदी (दाण्याचा खुराक), गूळ, पोळ्या, मका बंद झाल्याशिवाय आमची कानस काही करू शकत नाही. चौतीस इंचांच्या आतला हा घोडा लाडका असतो, येणारा-जाणारा काहीतरी भरवतो. त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास असेल तर दिवसाला दीड किलो सुका चारा त्याला पुरतो. तो तासभर भिजवा, पाणी फेकून द्या, साखर बरीच निघून जाते. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात मोकळं सोडू नका. पण उपाशीही ठेवू नका. लठ्ठ लहान घोडा उपाशी राहिला तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊन तो दगावू शकतो. दिवसभर तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर.

रोज सकाळी एक करा. खुराच्या वर, मागच्या बाजूला पायाच्या दोन्ही कडांना बोटं हलकेच टेकवा. एरवी तिथली नाडी शोधावी लागते. ती बोटावर ठणठण आदळत असेल, खूर गरम लागत असेल, घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा असेल, वळताना कचरत असेल, तर आम्हाला नको, आधी पशुवैद्यकांना बोलवा. ते येईपर्यंत खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा, खाली जाड भुसा किंवा वाळू टाका. "चालवला की मोकळा होईल" असं सांगणारे भेटतील. चालवू नका. घोडी व्यायली असेल आणि तीन तासांत वार पडली नसेल, तरीही लगेच कळवा. त्यातूनही हा आजार होतो.

आम्ही येणार त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेलं वेदनेचं औषध त्यांच्या सांगण्याप्रमाणे वेळेत द्या. जागा सपाट आणि कोरडी हवी, शक्य असेल तर रबराची चटई. या घोड्याचा पाय आम्ही गुडघ्यावर घेत नाही, खाली बसून जमिनीलगतच धरतो, बाजूला ओढत नाही. एका पायावर जास्त वेळ उभं राहणं त्याला असह्य होतं, म्हणून मध्येमध्ये पाय सोडतो. फारच दुखत असेल तर दोन खूर आज, दोन परवा. दुसऱ्या फेरीचे पैसे त्यासाठी वेगळे लागत नाहीत.