खारी जाळ, मीठी जाळ: झाडं दोन आहेत

थरच्या वाळवंटात फिरून आलेले बरेचजण सांगतात, पीलूचं झाड एकाच जातीचं. पाणी कमी पडलं की पानं अरुंद होतात. तसं नाही. तिथे पीलूच्या दोन जाती आहेत, मीठी जाळ आणि खारी जाळ, आणि एका ओळीत वाढल्या तरी पानं वेगळीच राहतात.

मीठी जाळ: पान लांबट, अरुंद, जाडसर, निळसर राखी झाक, फळ पिकून पिवळं, गोड. खारी जाळीचं पान रुंद, लंबगोल, हिरवंगार. चुरगळून हुंगा, मोहरीसारखा झणका येतो (चावलंत तर डोळ्यांत पाणीच). मिसवाकची दातणं या खारीचीच. फक्त कोवळ्या फांदीवरून ठरवू नका. जुनी, पूर्ण वाढलेली पानं बघा.