लांब पल्ल्याची घोडेस्वारी शिकायचीय? आधी जाणत्या रायडरच्या हाताखाली या

रिंगणात झकास घोडा चालवणारी बरीच मंडळी आमच्याकडे येतात, काहीजण महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शिकलेले असतात, आणि पहिलाच प्रश्न असतो की ४० किलोमीटरची एन्ड्युरन्स राईड कधी करता येईल. आमचं म्हणणं असं की पहिल्या राईडला तुम्ही घोड्यावर बसूच नका, एखाद्या मुरलेल्या रायडरच्या क्रूमधे, म्हणजे राईडभर त्याला आणि घोड्याला मदत करणाऱ्या टीममधे या. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो, पण असं का ते वाचा.

एन्ड्युरन्सच्या राईड ४०, ८०, १२०, आणि सगळ्यात मोठी १६० किलोमीटरची असते, आणि हे अंतर टप्प्याटप्प्याने कापायचं असतं. प्रत्येक टप्प्यानंतर व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, घोडा तपासतो आणि घोडा जरा जरी लंगडला तरी तुम्ही बाद, मग कितीही पुढे असा. अमेरिकेत १९५५ पासून टेव्हिस कप होतो, एका दिवसात १०० मैल, तिथेही कित्येक चांगले घोडे शेवटपर्यंत पोचत नाहीत.

खरी शिकवणी त्या तपासणीच्या आसपास होते. आंतरराष्ट्रीय नियमात टप्पा संपवून आल्यावर १५ मिनिटांत घोड्याचा पल्स मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावा लागतो (आपल्याकडच्या राईडचं नियमपत्रक मात्र दर वेळी वाचायचं). नवखा रायडर तपासणीच्या गेटपर्यंत घोडा पळवत आणतो आणि मग पल्स उतरायची वाट बघत बसतो. जुना रायडर शेवटच्या पट्ट्यात खाली उतरतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करतो आणि लगाम हातात धरून शांतपणे चालत येतो, त्यामुळे पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. तो स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावतो आणि १५ सेकंद मोजतो, १६ ठोके आले की ६४. मग घोड्याचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबतो, पांढरा पडलेला डाग साधारण दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला हवा. कुशीला कान लावून आतड्याचा आवाज ऐकतो, पोट एकदम गप्प असेल तर ते चांगलं लक्षण नाही. हे सगळं वाचून समजतं हो, पण हाताला यायला कुणीतरी शेजारी उभं राहून "परत मोज" म्हणावं लागतं.

आपल्या मुंबईच्या हवेचं तर वेगळंच आहे. दमट हवेत घाम वाळत नाही म्हणजे घोडा थंडच होत नाही, आणि घोड्याच्या घामात मीठ आपल्या घामापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे नुसतं पाणी पाजून भागत नाही, इलेक्ट्रोलाइट (क्षार) लागतात, ते कधी आणि किती द्यायचे ते मेंटर (तुम्हाला शिकवणारा जुना रायडर) आणि व्हेट सांगतील तसंच. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की त्याचं अंग आखडतं असं अजूनही बरेच जण सांगतात, ते खरं नाही, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी यावर नीट अभ्यास झालाय. भरपूर पाणी ओता आणि ओतत राहा.

मेंटर निवडताना त्याच्या ट्रॉफ्या बघू नका. त्याला विचारा, घोडा ठीक वाटला नाही म्हणून अर्ध्यातून राईड कधी सोडलीत का? ज्याच्याकडे याचं सविस्तर उत्तर आहे त्याच्याकडे शिका. आम्ही स्वतः मेंटर याच प्रश्नावर ठरवतो. आणि घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराकडूनही शिका, घोडा दाणा किती उरवतो, नाल कधी ढिली झाली, पाठ कुठे दुखतेय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, आमच्या मते निम्मा मेंटर तोच.

क्रूच्या दिवसाची आम्ही फी घेत नाही, प्रवास आणि जेवण तुमचं. सीझन पावसाळा संपला की सुरू होतो. येताना सेकंदकाटा असलेलं घड्याळ, टोपी, चिखलात चालतील असे पाय झाकणारे बूट आणि छोटी वही आणा. दर टप्प्याचा पल्स तुम्हीच लिहायचाय, आणि संध्याकाळी मेंटर त्या वहीवरून तुमच्याशी बोलेल.