लूना प्रक्षेपक (८के७२)

चंद्राकडे स्वयंचलित याने पाठविण्यासाठी सोव्हिएट संघाने १९५८ ते १९६० या काळात वापरलेला, तीन टप्प्यांचा व एकदाच वापरता येणारा अग्निबाण. आर-७ या आंतरखंडीय क्षेपणास्त्रावर ‘ब्लॉक ई’ हा तिसरा टप्पा चढवून सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या ओकेबी-१ या संस्थेने तो सिद्ध केला. उड्डाणाच्या वेळी त्याचे वस्तुमान सुमारे २७९ टन असे.

‘लूना’ हे नाव प्रक्षेपकाला त्याने नेलेल्या त्याच नावाच्या चंद्रयानांवरून मागाहून मिळाले. खुद्द यानेही सुरुवातीला ‘अंतराळ अग्निबाण’ म्हणूनच जाहीर झाली होती आणि अग्निबाणाची रचना तर कित्येक वर्षे गुप्त होती. त्यामुळे नावात व मोजणीत घोळ आहे. चंद्रासाठीची ९ उड्डाणे एवढीच या नावाखाली धरावीत, असे काही संकलक मानतात; इतर जण १९६० मध्ये व्हस्तोक या मानवाला अंतराळात नेण्यासाठीच्या यानाच्या चाचण्यांसाठी झालेली ४ उड्डाणेही त्यांत मिळवून १३ हा आकडा देतात. ८के७२ हा क्रमांक दोन्ही प्रकारांना समान असल्याने तांत्रिक दृष्ट्या दुसरी मोजणी चुकीची म्हणता येत नाही. प्रस्तुत नोंदीत मात्र चंद्रमोहिमांपुरताच विचार केला आहे.

चंद्रमोहिमांना २० मार्च १९५८ रोजी शासकीय मंजुरी मिळाली. तिसऱ्या टप्प्यासाठी दोन इंजिनांचे प्रस्ताव होते. अग्निबाण-इंजिनांचे अभिकल्पक व्हॅलेंतीन ग्लुश्को यांचे वेगळ्या इंधनावर चालणारे इंजिन (त्यावर आधारित प्रक्षेपकाचा क्रमांक ८के७३) वेळेत तयार झाले नाही. व्हॉरोनेझ येथील सेम्यॉन कोसबेर्ग यांच्या संस्थेने ओकेबी-१ च्या सहकार्याने आरडी-०१०५ हे केरोसीन व द्रव ऑक्सिजनवर चालणारे, सुमारे ५ टन रेट्याचे इंजिन अवघ्या नऊ महिन्यांच्या आसपास उभे केले, हे खरोखर नवल आहे. केरोसीनची टाकी कंकणाकार असून तिच्या मधोमध इंजिन बसविलेले होते. वजनरहित अवस्थेत इंजिन पेटेल की नाही याची खात्री नसल्याने खालचा टप्पा चालू असतानाच वरचे इंजिन पेटविले जाई. दोन्ही टप्प्यांमध्ये बंद नळकांडे न ठेवता उघडी जाळीदार चौकट ठेवली होती, ती ज्वाला बाजूंनी निघून जाव्यात म्हणून.

२३ सप्टेंबर व ११ ऑक्टोबर १९५८ रोजीचे अग्निबाण अनुक्रमे सुमारे ९२ व १०४ सेकंदांनी मोडून पडले. कारण एकच होते. वरती नवा टप्पा आल्याने सांगाड्याची नैसर्गिक वारंवारता बदलली होती. टाक्या रिकाम्या होत जाताना ती द्रव ऑक्सिजनच्या नळ्यांतील दाबाच्या आंदोलनांशी जुळली आणि अनुस्पंदनामुळे (कंपने वाढत गेल्यामुळे) मुख्य भागाच्या बाजूंना जोडलेले पहिल्या टप्प्याचे अग्निबाण त्यापासून सुटले. नळ्यांत शमक (आंदोलने कमी करणारी साधने) बसविल्यावर हा दोष पुन्हा आढळला नाही. ४ डिसेंबरचे तिसरे उड्डाण वेगळ्याच कारणाने, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पंपाच्या वंगणातील बिघाडामुळे, फसले.

या अग्निबाणाला पृथ्वीभोवती कक्षेत थांबता येत नसे. जमिनीवरून थेट चंद्राकडे झेपावे लागे व तिसरे इंजिन पुन्हा पेटविण्याची सोय नव्हती. अंतिम वेगात सेकंदाला १ मीटरची चूक झाली, तर चंद्रावरील नेम सुमारे २५० किमी.ने ढळे. २ जानेवारी १९५९ रोजी निघालेले ३६१ किग्रॅ.चे लूना-१ इंजिन बंद करण्याच्या आदेशातील चुकीमुळे चंद्रापासून जवळपास ६,००० किमी. अंतरावरून निघून गेले आणि सूर्याभोवती फिरणारी पहिली मानवनिर्मित वस्तू ठरले. वाटेत, पृथ्वीपासून लाखाहून अधिक किमी. अंतरावर, तिसऱ्या टप्प्यातून सुमारे १ किग्रॅ. सोडियम सोडण्यात आले. त्याचा नारिंगी ढग मार्गाच्या निरीक्षणासाठी होता.

१८ जूनचे उड्डाण दिशानियंत्रण बिघडल्याने वाया गेले. १२ सप्टेंबरला सुटलेले लूना-२ मॉस्कोच्या वेळेनुसार १४ तारखेस चंद्रावर आदळले व त्याचा तिसरा टप्पाही अर्ध्या तासाच्या अंतराने तेथेच पडला. ४ ऑक्टोबरला निघालेल्या लूना-३ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली.

शेवटच्या दोन उड्डाणांपैकी १५ एप्रिल १९६० चे, तिसऱ्या टप्प्यात इंधन कमी भरल्यामुळे वेग अपुरा पडून निष्फळ झाले. दुसऱ्यात बाजूच्या एका अग्निबाणाला पुरेसा रेटा न मिळाल्याने संपूर्ण प्रक्षेपक उड्डाणस्थळाजवळच कोसळला. या अपघाताची तारीख काही सूचींत १६ एप्रिल, तर काहींत १९ एप्रिल दिलेली आढळते. त्या वेळी बैकानूर या उड्डाणस्थळी आर-७ साठी एकच प्रक्षेपणमंच होता व एका दिवसात तो पुन्हा सज्ज होणे कठीण दिसते; म्हणून १९ ही तारीख अधिक ग्राह्य वाटते.

सुधारित इंजिनाचा ८के७२के हा प्रकार डिसेंबर १९६० पासून वापरात आला आणि १२ एप्रिल १९६१ रोजी त्यानेच युरी गागारिन यांना कक्षेत नेले. चंद्रमोहिमा १९६३ पासून ८के७८ या चार टप्प्यांच्या प्रक्षेपकाकडे गेल्या. तो आधी पृथ्वीच्या कक्षेत थांबून मग पुढे निघत असे.